गार्ड बाहेर गेला की गोल

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत अजूनही लोक म्हणतात की आमच्या गार्डसाहेबांची नजर फुटबॉलला बाधते. ते टीव्हीसमोर बसले की आपला संघ हरतो आणि ते उठून बाहेर गेले की गोल होतो. ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली. माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे. ज्याच्यावर ती रचली तो माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. ती कशी रचली हे मी शुद्धीवर असताना लिहून ठेवायला हवं.

आम्ही दोघं पालम तालुक्यातल्या एकाच गावचे. रेल्वेत लागलो आणि पूर्णेला आलो. मी लोको शेडमध्ये कारकून, तो मालगाडीवर गार्ड. मीटरगेजचे दिवस होते. कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल चालायचा, कारण ड्रायव्हर-फायरमन लोकांत बाहेरून आलेले बरेच होते आणि त्यांना दुसरा खेळ माहीत नव्हता. गार्ड डावीकडून पळायचा. पायात बूट नसायचे, तरी बॉल पायाला चिकटल्यासारखा यायचा. मी मागे, बचावाला. खरं सांगायचं तर मी बचावाला यासाठी होतो की तिथे उभं राहिलं तरी चालायचं.

निवृत्त झाल्यावर आम्हाला एक व्यावसायिक संघ लागला. लागला हाच शब्द बरोबर आहे, जसा खोकला लागतो. हयातभर आमच्या गाड्या ज्या मोठ्या शहराला जायच्या, तिथला तो संघ. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे. त्या शहरात गार्डनं रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या मुक्कामाच्या खोलीत, शेकडो रात्री काढल्या होत्या, म्हणून तो त्याचा संघ. त्याचा म्हणून माझा. तिसरे आमचे मामा, निवृत्त ड्रायव्हर, आम्हा दोघांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. ते कुणाचेच मामा नाहीत, पण सगळी कॉलनी त्यांना मामाच म्हणते.

मुलानं माझ्या घरी इंटरनेटवर चालणारा मोठा टीव्ही बसवून दिला होता. त्यामुळे मॅच माझ्याकडे. संध्याकाळी साडेसातला तिघं जमायचो. बायको शेंगदाणे भाजून ठेवायची.

आता या संघाबद्दल काय सांगू. दर दिवाळीला नवा कोच यायचा आणि होळीला जायचा. परदेशातून एक उंच फॉरवर्ड आणला होता, त्याचे गुडघे आमच्या मामांपेक्षा वाईट होते. कॉर्नर मिळाला की बॉल हमखास समोरच्या पहिल्याच माणसाच्या मांडीला लागायचा. थ्रो-इन आपला असला तरी बॉल त्यांच्याकडे जायचा. गोलच्या तोंडाशी पोहोचून आमची मुलं स्टेशनबाहेर आउटरला थांबलेल्या गाडीसारखी उभी राहायची, जणू कुणीतरी सिग्नल देईल मग पुढे जाऊ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटची दहा मिनिटं. एका गोलनं पुढे असलो की मला धडधडायला लागायचं, कारण पुढे काय होणार ते ठरलेलं असायचं. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन गोल खाल्ले तर शेंगदाणे तरी गोड लागायचे.

एकदा मामा म्हणाले, "आपला गोलकीपर हाय का दारावरचा वाचमन? येईल त्याला आत सोडायलाय."

"वाचमन तरी विचारतो, कुणाकडं जायचंय म्हणून," गार्ड म्हणाला.

गार्डची एक सवय होती. त्याला खेळ कळायचा. तो शांतपणे म्हणायचा, "आता आपला उजवा बॅक वर गेलाय. मागं मोकळं सुटलंय. बघ, तिथून येतील." आणि ते तिथूनच यायचे. "आता हा बदलणार, आन् चुकीचा माणूस काढणार." तोच निघायचा. आनंद म्हणून नाही, दुःख म्हणून नाही. गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सांगावं तसं. मला याची फार चीड यायची. घरात आजारी माणूस असावा आणि पाहुण्यानं रोज येऊन, हा काही टिकत नाही, असं म्हणावं, तसं मला वाटायचं. खोटं तो कधीच बोलायचा नाही, म्हणून जास्त चीड.

माझ्या मोबाइलमध्ये स्कोर सांगणारं एक अॅप होतं. गोल झाला की खिशात फोन थरथरायचा. इंटरनेटचा टीव्ही उशिरा चालतो हे मला त्यामुळेच कळलं. फोन गोल सांगायचा आणि टीव्हीवर तो गोल पाऊण मिनिटानं व्हायचा. बाकी दोघांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आधी म्हटलं कशाला मजा घालवा. नंतर मला ते एकट्यालाच ठाऊक असणं आवडायला लागलं.

एका संध्याकाळी आम्ही एका गोलनं मागे होतो. खिशात फोन थरथरला. चोरून पाहिलं, आपला गोल झाला होता. त्याच क्षणी गार्ड उठला, चूळ भरायला बाहेर गेला. आणि टीव्हीवर गोल झाला.

मामांनी मांडीवर थाप मारली. "गार्ड भाइर गेला आन् गोल झाला की हो."

गार्ड दारातून आत आला. पाच मिनिटांत आम्ही गोल खाल्ला. मामांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "गार्डसाहेब, राग मानू नका. तुमी भाइरच बरे."

तो हसला. मी पण हसलो. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं: मामा, तो गोल झाला तेव्हा गार्ड आतच होता. मी ते बोललो नाही.

पुढच्या वेळी मात्र मी नुसता गप्प राहिलो नाही. फोन थरथरला, आपला गोल होता, आणि मी म्हणालो, "गार्ड, गड्या, जरा बाहेर जाऊन ये की. बघू तरी." तो कुरकुरत उठला, उंबरा ओलांडला, आणि गोल. मामा तर थक्कच. पुन्हा एकदा पेनल्टीच्या वेळी तेच. आमचा संघ गोलच इतके कमी करायचा की ही युक्ती करायला मला दोन हंगामांत चार-पाच वेळाच मिळाली. पण तेवढी पुरली. कुणी काही मानायला लागलं की त्याला मोजून पुरावा लागत नाही. ज्या वेळी तो बाहेर बसूनही आम्ही हरलो, त्या वेळी मामा म्हणायचे, "खिडकीतून बघितलं असल त्यांनी."

मग नियमच झाला. शेवटची पंधरा मिनिटं उरली की गार्ड आपणहून उठायचा आणि माझ्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायचा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय गार्डसाहेब, मॅच सोडून भाइर?"

"मी इथून गोल करायलोय," तो सांगायचा. "आतल्यांना जमंना."

त्याच्या या बोलण्यानंच ती गोष्ट कॉलनीभर झाली. लोक हसायचे, तोही हसायचा. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलीत, मागं राहायची सवय आहे, म्हणायचा. पण बायको त्याला बाहेर चहा देऊन आली की माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "भाऊजींना असं भाइर बसवताव, मला बरं दिसंना."

"अगं, गंमत हाय."

"आपल्या दारात तरी नगं," एवढंच बोलून ती आत गेली.

ती काय म्हणाली ते मला कळलं होतं आणि मी कळलं नाही असं दाखवलं. आमच्या गावात गार्डचे वडील कामाला आमच्या घरी यायचे आणि माझ्या वडिलांच्या ओट्याच्या खाली, जमिनीवर बसायचे. त्यांचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात. पुढे त्यांनी बौद्ध धर्म घेतला, त्या कपातला चहा सोडला, मुलाला शिकवलं. पूर्णेला आल्यावर गार्ड आणि मी एका डब्यात जेवलो, एका खोलीत राहिलो. तो माझ्या घरात थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आपण दोघांनी ते मागे टाकलं, याचा मला मनातून अभिमान होता. आणि म्हातारपणी एका हरणाऱ्या संघासाठी मी त्याला माझ्या ओट्यावर बसवलं. तो त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

बरं, हा माणूस कसा, तर मुहूर्त, पायगुण, नजर यातलं काही न मानणारा. मुलीचं लग्न त्यानं अमावस्येला लावलं, त्या दिवशी हॉल सहज मिळतो म्हणून. मांजर आडवं गेलं की तो मांजराला म्हणायचा, जा बाबा, तुला घाई असेल. मी एकदा विचारलं होतं, "तू तर हे मानत नाहीस, मग उठून कामून जातोस?"

"मी न्हाई मानत. तुमी मानताव ना. तुमाला बरं वाटतंय तर बसतो पंधरा मिनिटं."

ही इथवरची गोष्ट गमतीचीच राहिली असती, कदाचित मी ती माझ्याबरोबर घेऊनही गेलो असतो. पण मागच्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचं बाळंतपण झालं.

मुलगी परभणीला शिक्षिका आहे. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते. शेवटच्या महिन्यात रक्तदाब वाढला, घाईनं दवाखान्यात न्यावं लागलं. गार्ड आणि त्याची बायको सकाळच्या गाडीनं परभणीला गेले. संध्याकाळी फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तीन दिवसांनी तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. मामा बसलेलेच होते.

"मामा," तो पेढा देत म्हणाला, "तुमचं शास्त्र कामाला आलं बरं का. मी आत गेलोच न्हाई."

"म्हंजे?"

"ऑपरेशन करावं लागंल म्हणले तसा मी गेटाबाहेर नारळपाणीवाल्याजवळ जाऊन बसलो. दिवसभर. म्हटलं, आपण समोर असलो की गडबड होती. सगळं झाल्यावर मग गेलो आत."

मामांनी गंभीरपणे मान हलवली. "लय शहाणपणा केला."

गार्ड हसत होता, पण आमच्याकडे न बघता. पेढ्यांच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत होता. मी पण हसलो, पेढा खाल्ला, अभिनंदन केलं. तो गेल्यावर मी बॉक्स बायकोकडे दिला, दुसरा पेढा घेतला नाही. अमावस्येला मुलीचं लग्न लावणारा माणूस तिच्या ऑपरेशनच्या दिवशी आठ तास रस्त्यावर बसला होता. ते त्याच्या डोक्यात दुसऱ्या कुणी घातलं नव्हतं.

तरीही मी दीड महिना काही बोललो नाही. हे पण लिहायलाच हवं. दर मॅचला ठरवायचो, आज सांगू. तो शेवटच्या पंधरा मिनिटांना उठायचा आणि मी पायाकडे बघायचो. फोनमधलं अॅप मात्र काढून टाकलं. वाटलं, तेवढ्यानं भागेल.

शेवटी एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात सायकलची साखळी रॉकेलनं पुसत होता. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तो साखळी पुसतच राहिला.

"म्हंजे गोल झालेला तुला आधी कळायचा."

"हो."

"किती आधी?"

"पाऊण मिनिट."

"आन् मग मला भाइर पाठवायचास."

"हो."

"कामून रे?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत तयार केलं होतं. मामांची गंमत करायची होती वगैरे. पण त्याच्यासमोर ते निघेना. म्हणालो, "तू आधीच सांगायचास, कुठून गोल खाणार ते. आन् तसंच व्हायचं. मला सहन व्हायचं नाही. वाटायचं, हा माझ्या संघाला बसल्याबसल्या हरवायलाय."

"तुझ्या संघाला?" त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "माझा न्हाई का तो?"

मी रॉकेलची बाटली त्याच्याजवळ सरकवली.

"मला वाईट वाटायचं म्हणून बोलायचो मी. तू ओरडायचास, मी बोलायचो. एवढाच फरक." त्यानं चिंधी बादलीत टाकली. "फुटबॉलचं जाऊ दे. त्या दिवशी पोरगी मला बोलवायली होती. तिच्या आईनं दोनदा निरोप पाठवला. मी न्हाई गेलो. मी मानत नसताना न्हाई गेलो, हे मला जास्त लागलंय. म्हातारा झालो म्हणून डोकं असं झालं, असं वाटलं मला. तुला म्हणून सांगतो, भ्यालो होतो."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझं मी बघतो. तिला तू सांग. मी न्हाई सांगणार."

पुढच्या दोन मॅचला तो आला नाही. दोन्ही आम्ही हरलो. मामा म्हणाले, लांबूनही लागते काही जणांची नजर.

परभणीला जायला मला आठवडा लागला. गाडीत बसलो तेव्हा वाटलं, मुलगी मला दारातूनच परत पाठवेल. तिनं आत घेतलं, पाणी दिलं, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बाळाला मांडीवर घेऊन असली गोष्ट सांगणं फार अवघड असतं. सांगितली. ती लहानपणी माझ्या शेडमध्ये येऊन रद्दी कागदांची विमानं करायची. आता समोर बसून शिक्षिका ऐकतात तशी ऐकत होती, मध्ये न बोलता.

"काका, मी त्या दिवशी सारखी दाराकडं बघत होते," ती म्हणाली. "आई म्हणायची, येतायत, येतायत. मला वाटलं, पप्पांना माझी अवस्था बघवत नसेल. नंतर कधी विचारलं न्हाई. वाटलं, विचारलं तर त्यांना लाज वाटेल."

मी मान खाली घातली. बाळानं माझ्या शर्टाचं बटण धरलं होतं.

"तुमाला पाऊण मिनिट आधी कळायचं ना," ती म्हणाली, "मग गोल खाल्लेला कळल्यावर टीव्ही तरी बंद करायचा होता. म्हाताऱ्या माणसांना कशाला तो त्रास." आणि ती हसली. हसता हसता डोळे पुसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. चहा मात्र केला. निघताना विचारलं, "मामांना सांगितलं का? कॉलनीला?"

"अजून न्हाई."

"मग काय सांगितलं तुमी, काका?"

म्हणून हे लिहिणं. लिहायच्या आधी मामांना सांगून पाहिलं. त्यांच्या घरी जाऊन फोन दाखवला, अॅप पुन्हा घेऊन दाखवलं, दुसऱ्याच कुठल्या तरी संघांची मॅच लावून पाऊण मिनिटाचा फरक डोळ्यांसमोर करून दाखवला. मामांनी चष्मा लावून सगळं पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "फोनला आधी कळतंय. पण गार्ड भाइर जाणार हे वरच्याला त्याच्या बी आधी कळतंय ना."

मी फोन खिशात घातला आणि घरी आलो.

हंगामाच्या शेवटच्या मॅचला गार्ड आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. आमचा संघ यादीत सगळ्यात खाली होता, त्याच्याखाली फक्त जाहिरात होती. गार्ड आपल्या जुन्या खुर्चीवर बसला, माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "वहिनी, आज चहा आतच द्या." ती म्हणाली, "आतच देणार, भाऊजी."

कसा कोण जाणे, आम्ही एका गोलनं पुढे होतो. पंधरा मिनिटं उरली. मामा खोकले. मग म्हणाले, "गार्डसाहेब, आजच्या दिवस. शेवटची मॅच हाय."

"मामा, तो उठणार नाही," मी म्हणालो. "कुणी उठायचं असेल तर मी उठतो. सगळ्या हरलेल्या मॅचला हजर असणारा मी एकटाच आहे. तो मध्ये परभणीला जायचा, तुम्ही लेकीकडे जायचात. मी एक चुकवली नाही."

मामांनी हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गार्ड म्हणाला, "बसू दे त्याला. डावा बॅक दमलाय. हाफटाइमपासून दमलाय. बघा आता तिथून."

तिथूनच आले. बरोबरी झाली आणि मग, शिट्टीला दोन मिनिटं असताना, दुसराही. आम्ही तिघं घरात बसून हरलो. गार्डनं त्या डाव्या बॅकला, कोचला आणि कोचच्या निवड समितीला पंधरा मिनिटं झोडपलं. मी प्रत्येक शब्द ऐकला. मधे कुठे तरी त्याचा आवाज जड झाला होता. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून मला तो कधी ऐकू आला नव्हता.

मामा उठताना म्हणाले, "मी म्हटलं होतं, आज भाइर बसले असते तर."

मी त्यांना परत बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो, फोन, पाऊण मिनिट, चूळ भरायला उठलेला गार्ड. त्यांना पटलं नाही. आता हंगाम नाही तरी मामा येतात, गार्ड येतो, आणि दर वेळी विषय निघतो. मी दर वेळी सांगतो. मामा दर वेळी मान हलवतात. गार्ड शेंगदाण्याची साल फुंकत बसलेला असतो, आणि मी कुठे अडखळलो की म्हणतो, "सांग, सांग. पेनल्टीचं ऱ्हायलं."